नोकरी ‘लागते’ तेव्हा नेमकं काय होतं?

काही वर्षांपूर्वी एका मराठी कथेचा इंग्रजी अनुवाद करत होते. कथेच्या शेवटाकडे एक साधं वाक्य होतं : अखेर त्याला नोकरी लागली. मी फार विचार न करता, त्याने नोकरी मिळवली अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य लिहून पुढे गेले. संपादिका तमिळभाषक होत्या. त्यांनी समासात प्रश्न लिहिला, ‘मूळ वाक्यात हा माणूस कर्ता आहे का?’

नव्हता. मराठी वाक्यात कर्ता आहे ती नोकरी. माणूस बिचारा ‘त्याला’ असा चतुर्थीत बाजूला उभा आहे. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, लॉटरी लागते, निकाल लागतो, तशीच नोकरी लागते. संपादिकाबाईंना शंका आली ती त्यांच्या भाषेमुळे. तमिळमध्येही काम माणसाला ‘किडैक्कुम्’, म्हणजे आपणहून प्राप्त होतं, आणि माणूस तिथेही चतुर्थीतच असतो. हिंदीत नौकरी ‘लगती’ है. बंगालीत एखाद्याची चाकरी ‘होते’. इंग्रजीत मात्र माणूस वाक्याच्या अग्रभागी बसतो आणि नोकरी ही त्याने केलेली गोष्ट ठरते.

त्या एका शंकेनंतर मी नोकरीविषयीचं आपलं कथात्म साहित्य वेगळ्या नजरेने वाचू लागले. अर्ज, मुलाखत, नेमणूक, वरिष्ठ, पगार, कपात हे विषय मध्यमवर्गीय घरात रोज बोलले जातात, आणि ते बोलताना आपली भाषा एक सोय करून देते. ‘लागली’ म्हटलं की ती कोणी लावली, हा प्रश्न निघत नाही. याच क्रियापदाचं प्रयोजक रूप ‘लावणे’ आपल्याकडे तितकंच वापरात आहे. ‘साहेबांनी पोराला लावलं’, ‘मामाने बँकेत चिकटवलं’. पण ही वाक्यं शेजाऱ्याच्या मुलाबद्दल असतात. आपल्या मुलाला लागते, शेजाऱ्याच्या मुलाला लावतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की नोकरीबद्दलच्या भारतीय कथा-कादंबऱ्यांतल्या चांगल्या कृतींनी हेच एक काम केलं आहे. त्यांनी ‘लागली’ किंवा ‘लागली नाही’ या वाक्यातला गाळलेला कर्ता शोधून परत आणला आहे. प्रत्येक भाषेत तो वेगळ्या ठिकाणी सापडतो. कुठे तो मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला असतो, कुठे संस्थेच्या कार्यालयात, आणि कुठे चक्क उमेदवाराचंच नाव लावून दुसऱ्या गावात पगार घेत असतो.

टेबलापलीकडचा चंद्र

कोलकात्यात तुलनात्मक साहित्य शिकत असताना सत्यजित राय यांचे शहराविषयीचे तीन चित्रपट आम्ही पुनःपुन्हा पाहायचो. तिन्ही कादंबऱ्यांवर आधारलेले. ‘प्रतिद्वंद्वी’ (१९७०) सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर, ‘सीमाबद्ध’ (१९७१) आणि ‘जन अरण्य’ (१९७६) शंकर यांच्या कादंबऱ्यांवर. पहिल्या आणि तिसऱ्या चित्रपटात मुलाखतीचे जे प्रसंग आहेत, ते आता आपल्या सांस्कृतिक स्मृतीचा भाग झाले आहेत.

‘प्रतिद्वंद्वी’तल्या सिद्धार्थला विचारलं जातं की गेल्या दहा वर्षांतली सर्वांत महत्त्वाची घटना कोणती. अपेक्षित उत्तर चंद्रावर माणूस उतरला हे. सिद्धार्थ व्हिएतनामचं नाव घेतो. तो उलट बोलत नाही, आपल्या परीने नीट कारण देतो. चंद्रावर जाणं तंत्रज्ञानाच्या प्रगतीत अपेक्षितच होतं, सामान्य माणसांचा तो प्रतिकार अनपेक्षित होता, अशा अर्थाचं. त्यानंतर मंडळाला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : हा कम्युनिस्ट आहे का? ‘जन अरण्य’मधल्या सोमनाथला तर चंद्राचं वजन किती असं विचारतात. या प्रश्नाचा नोकरीशी काय संबंध, हे त्याला कळत नाही.

दोन चित्रपटांच्या मध्ये पाच-सहा वर्षं आहेत आणि दोन्हीकडे चंद्र आहे. हा योगायोग असेलही, पण पहिल्याकडून दुसऱ्याकडे येताना प्रश्नाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. पहिला प्रश्न मत विचारतो आणि मत दिल्याबद्दल शिक्षा करतो. दुसऱ्याला मताशीही देणंघेणं नाही. जागा मूठभर आणि अर्जांचा ढीग असला की प्रश्न निवडीसाठी उरत नाहीत, गाळण्यासाठी उरतात. चाळणीला धान्याची चव कळावी अशी कोणाची अपेक्षा नसते. सोमनाथ पुढे मध्यस्थीच्या धंद्यात शिरतो आणि एका कंत्राटासाठी त्याच्याच मित्राची बहीण ग्राहकाकडे पोचवण्यापर्यंत येतो. चंद्राच्या वजनापासून तिथपर्यंतचा उतार दिग्दर्शक कुठेही आवाज न चढवता दाखवतो.

‘प्रतिद्वंद्वी’च्या शेवटाकडे आणखी एक मुलाखत आहे. उकाड्यात उमेदवार ताटकळत उभे आहेत, बसायला पुरेशा खुर्च्या नाहीत, एकाला घेरी येते. सिद्धार्थ आत घुसून जाब विचारतो. माझ्या बंगाली वर्गमित्रांना हा प्रसंग क्रांतिकारक वाटायचा. मला तो हेवा वाटायला लावायचा. मी महाराष्ट्रातून गेलेली होते आणि मनात यायचं, याला निदान जाब विचारायला खोली तरी आहे, खोलीत माणसं तरी आहेत. बंगाली कथेतला गाळलेला कर्ता दिसतो, त्याला तोंड असतं, तो प्रश्न विचारतो. बंगालीत ‘चाकरी खाणं’ असाही वाक्प्रचार आहे. वरिष्ठ चिडला की तो तुझी चाकरी खाऊन टाकीन म्हणतो. खाणाऱ्याचं तोंड समोर दिसतं.

अर्ज भरला, पैसे भरले, जागा भरली

मराठी साहित्यात इतका ठसठशीत मुलाखतीचा प्रसंग मला आठवत नाही. नोकरी मराठी कादंबरीत भरपूर आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंतच्या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावी, एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जातो. या शीर्षकांमध्येच नोकरीचं अख्खं चरित्र आलं आहे. बिढार म्हणजे पाठीवर घेऊन हिंडायचा संसार, आणि झूल म्हणजे बैलाला सणापुरतं सजवणारं वस्त्र. पण या कादंबऱ्यांत निर्णय मुलाखतीत होत नाहीत. ते संस्थाचालकाच्या बैठकीत, गटागटांच्या राजकारणात, जातीच्या हिशेबात होतात. मुलाखत नावाची गोष्ट झालीच तर ती निर्णयानंतरचा उपचार असते.

यामागे एक व्यवस्था आहे आणि ती महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना सांगायला हवी. अनुदानित खासगी शाळा-महाविद्यालयांत पगार सरकार देतं आणि नेमणूक संस्था करते. सेवाशर्तींसाठी १९७७ चा कायदा आहे. त्यात कर्मचाऱ्याला मनमानीने काढता येऊ नये अशी तरतूद आहे. म्हणजे एकदा आत गेलेल्या माणसाला आयुष्यभर सरकारी पगार, आणि आत घ्यायचं की नाही हे ठरवणारा खासगी. या दोन गोष्टी एकत्र आल्या की दाराची किंमत ठरते. तिला आपण ‘डोनेशन’ म्हणतो. दान हा शब्द इंग्रजीत नेला की तो देवळाच्या पेटीपासून सुटतो आणि शिक्षणसंस्थेच्या कपाटात जातो.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी या दारासमोर उभी आहे. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तिची चर्चा बहुधा शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात झाली. ती योग्यच आहे. पण मला ती नोकरीविषयीची कादंबरी म्हणूनही महत्त्वाची वाटते. विदर्भातल्या शेतकरी कुटुंबातला एकनाथ शिकलेला आहे, शिक्षक होण्याची पात्रता त्याच्याकडे आहे, आणि नोकरी नाही, कारण संस्थेला द्यायला पैसे नाहीत. हे पैसे कुठून येणार? जमिनीतून. आणि जमीन विकायची तर मग शिकलो कशासाठी? ज्या शेतीतून बाहेर पडण्यासाठी शिक्षण घेतलं, तीच शेती विकल्याशिवाय शिक्षणाचा उपयोग नाही, असा हा फास आहे. देशमुखांनी तो घोषणा न देता, घरातल्या भांडणांतून, नवराबायकोच्या अबोल्यातून आवळत नेला आहे. इथला खलनायक समोर येऊन प्रश्न विचारत नाही. त्याला विचारायचं काहीच नाही. त्याचा आकडा आधीच कळलेला आहे.

‘बारोमास’वर विचार करताना मला ‘भरणे’ या क्रियापदाने पकडलं. मराठीत अर्ज भरतात, पैसे भरतात आणि जागाही भरतात. तीन वेगळ्या कृती, तीन वेगळी माणसं, क्रियापद एकच. या सगळ्याला मिळून जो शब्द आहे, भरती, तो समुद्राच्या भरतीचाही आहे. हिंदीच्या ‘भर्ती’त समुद्र नाही आणि इंग्रजीत तर तिन्हींना वेगळी क्रियापदं लागतात. अनुवाद करताना ही साखळी तुटते आणि तुटताना खरं काय ते लक्षात येतं : अर्ज भरणारा आणि जागा भरणारा यांच्यामध्ये पैसे भरणारा उभा आहे, आणि मराठी क्रियापदाने तिघांना एका रांगेत ठेवलं आहे.

इथे स्वतःचा एक अनुभव सांगते, कारण त्यावाचून मी या शब्दापाशी थांबले नसते. साधारण वीस वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी मी अधिव्याख्यातापदाच्या मुलाखतीला गेले होते. रात्रीच्या एसटीने, हातात प्रमाणपत्रांची फाइल, पिशवीत इस्त्रीची साडी. स्टँडवरच्या प्रसाधनगृहात ती नेसले. मंडळात पाच जण होते. एकाने विचारलं, तुलनात्मक साहित्य म्हणजे कशाची कशाशी तुलना? प्रश्न वाईट नव्हता. मी आयुष्यभर त्याचंच उत्तर देत आले आहे. मी बोलायला लागले तेवढ्यात चहा आला. कप वाटले जाईपर्यंत थांबले. चहा झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, ‘ठीक आहे मॅडम, कळवतो.’

बाहेर व्हरांड्यात सही घेताना कार्यालयातल्या लिपिकाने फाइल परत दिली. माझ्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ होते. हळूच म्हणाले, ‘ताई, लांबून आलात म्हणून सांगतो. जागा भरलेली आहे. मुलाखती व्हाव्या लागतात.’ जाहिरातीत ‘खालील पदे भरावयाची आहेत’ असं होतं. काळ बदलून ‘भरलेली आहे’ झाला होता, एवढंच. मला राग आला नाही. इतक्या व्याकरणशुद्ध रीतीने मला आजवर कोणी नाकारलं नव्हतं. आणि त्या दिवशी त्या इमारतीत माझ्याशी खरं बोललेला माणूस तो एकटाच होता. आपल्या कथात्म साहित्यात अशा लिपिकांना फार जागा मिळालेली नाही.

मुलाखतीवरचा हा अविश्वास फक्त लेखकांचा नाही. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. महाराष्ट्रात शिक्षकभरतीसाठी आलेल्या ‘पवित्र’ पोर्टलवर ‘मुलाखतीसह’ आणि ‘मुलाखतीशिवाय’ असे दोन प्रकार आहेत. दुसरा प्रकार मिळावा म्हणून उमेदवार देव पाण्यात घालतात. माणसाने माणसाला समोर बसवून पारखणं, ही खरं तर निवडीची सर्वांत मानवी पद्धत. ती नको, यंत्राने गुण मोजावेत, अशी हजारो तरुणांची इच्छा असणं ही या पोर्टलच्या नावाइतकीच बोलकी गोष्ट आहे.

चोरणे

बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. ‘कोसला’ही त्याच वर्षीची. मराठी समीक्षा १९६३ ला ‘कोसला’चं वर्ष म्हणून ओळखते. कादंबरीतला शिकलेला तरुण पहिल्यांदा तुटक, स्वतःवर हसणाऱ्या आवाजात बोलला ते वर्ष. पण त्याच वर्षी बागुलांच्या शीर्षककथेतला तरुण रेल्वेतल्या कामावर रुजू व्हायला परक्या गावात उतरला होता आणि त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. त्याला नोकरी लागलेली आहे. लागली तरी प्रश्न सुटत नाही, कारण राहायला खोली हवी आणि खोलीसाठी जात सांगावी लागते. तो सांगत नाही. माणसं त्याला मान देतात, जवळ घेतात, आणि जात कळल्यावर तीच माणसं त्याला मारतात.

जेरी पिंटो यांनी या संग्रहाचा इंग्रजी अनुवाद केला (२०१८) तेव्हा शीर्षकात ‘चोरली’च्या जागी ‘लपवली’ या अर्थाचं क्रियापद आलं. अनुवादक म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. इंग्रजीत जात चोरली म्हटलं तर वाचकाला वाटेल की याने दुसऱ्या कोणाची तरी जात पळवली. मराठीत ‘अंग चोरणे’, ‘काम चोरणे’ म्हणताना जी वस्तू असते ती स्वतःचीच असते, ती आपण देत नाही, आखडून घेतो. तरीही ‘लपवणे’ आणि ‘चोरणे’ यांत फरक उरतोच. लपवणाऱ्याला भीती असते. चोरणारा गुन्हेगार असतो. बागुलांच्या शीर्षकात समाजाचा आरोप निवेदकाच्याच तोंडी घातलेला आहे. ज्याची प्रतिष्ठा चोरीला गेली, तोच स्वतःला चोर म्हणतो आहे. हा उपरोध इंग्रजीत गेला नाही, कदाचित जाऊही शकत नाही.

या कथेशेजारी उदय प्रकाश यांची ‘मोहनदास’ ही हिंदी दीर्घकथा ठेवून पाहावी. तिला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मोहनदास खालच्या मानल्या गेलेल्या जातीतला पदवीधर. कोळसा खाणीच्या नोकरीसाठी परीक्षा देतो, निवडला जातो, प्रमाणपत्रं जमा करतो आणि नेमणुकीच्या पत्राची वाट पाहतो. पत्र येत नाही. वर्षांनंतर त्याला कळतं की ‘मोहनदास’ तर केव्हाचा कामावर रुजू झाला आहे. वरच्या जातीतल्या एकाने त्याचं नाव, त्याची प्रमाणपत्रं आणि त्याची जातही वापरून ती नोकरी घेतली आहे, त्याच्या नावाने पगार घेतो आहे, कंपनीच्या घरात राहतो आहे. आता खऱ्या मोहनदासने आपण मोहनदास आहोत हे सिद्ध करायचं आहे.

बागुलांचा नायक जात चोरतो, म्हणजे झाकतो, तेव्हा त्याला मार खावा लागतो. उदय प्रकाशांच्या कथेत वरच्या जातीतला माणूस खालची जात चोरतो, म्हणजे खरोखर पळवतो, तेव्हा त्याला बढती मिळते. दोन्ही कथा एका शब्दाच्या दोन टोकांना उभ्या आहेत आणि मधे चाळीसेक वर्षं आहेत. मोहनदासच्या घरातल्या माणसांना लेखकाने गांधींच्या कुटुंबातली नावं दिली आहेत. बायको कस्तुरी, मुलगा देवदास. पहिल्या वाचनात ही युक्ती मला जरा ठळक वाटली होती. आता वाटत नाही. नाव हीच या कथेतली मालमत्ता आहे. शेवटी मोहनदास इतका मोडतो की आपण मोहनदास नाहीच असं सांगू लागतो. नोकरीसाठी माणसं पैसे, जमीन, तब्येत देतात हे आपण वाचलेलं असतं. इथे माणूस स्वतःचं नाव सोडून देतो, तेही दुसऱ्याला ती नोकरी सुखाने करू देण्यासाठी. हिंदीतल्या ‘नौकरी लग गई’ या वाक्याचा यापेक्षा भयंकर अर्थ मी वाचलेला नाही : नोकरी लागलेली आहे, मोहनदासलाच लागलेली आहे, फक्त तो मोहनदास हा नव्हे.

कळवतो

या सगळ्या कथांत एक क्रियापद सर्वत्र आहे, ‘कळवतो’. बंगालीत ‘जानाबो’, हिंदीत ‘सूचित किया जाएगा’. हिंदीचा कर्मणी प्रयोग बघण्यासारखा आहे. कळवणारा तिथेही नाहीसा झाला. अनुवादाच्या धंद्यात मी हे क्रियापद बरंच ऐकलं आहे. नमुना म्हणून दहा-बारा पानं करून द्या, मग कळवतो. पानं जातात, महिना जातो, पुढे पुढे आपणच विचारायला लाजतो. नाही म्हणायलाही एक माणूस लागतो आणि तेवढा एक माणूस नेमणं आता कोणाला परवडत नाही.

‘कळवतो’ आणि कळणं यांच्यातल्या काळावर अमरकांत यांची ‘डिप्टी कलक्टरी’ ही हिंदी कथा आहे. ‘नई कहानी’च्या काळातली. इतकी जुनी असून तिच्यात आजच्या कोणत्याही कुटुंबाने स्वतःला ओळखावं. मुख्तारी करणारे शकलदीप बाबू मुलाच्या परीक्षेच्या शुल्कावरून आधी बायकोवर भडकतात, पैसे कुठून आणू म्हणतात, आणि मग कुठून तरी आणतात. इथपासून त्यांना आशेची लागण होते. मुलगा अभ्यासाला बसला की ते घरात आवाज होऊ देत नाहीत, पूजापाठ वाढवतात, त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष देतात, लोकांशी वेगळ्याच ऐटीत बोलू लागतात. मुलाखत होते ती दूर, इलाहाबादला, आणि कथेच्या बाहेर. अमरकांत आपल्याला त्या खोलीत नेतच नाहीत. ते घरातच थांबतात, कारण त्यांच्या मते खरी परीक्षा तिथे चालली आहे आणि ती बाप देतो आहे.

निकाल लागतो. यादीत नाव आहे, पण जागा संपल्यानंतर. शेवटी बाप झोपलेल्या मुलाच्या खोलीत चोरपावलांनी जाऊन त्याचा श्वास चालू आहे ना, ते पाहतो. कथा त्याच्या मनातली भीती उच्चारत नाही. ती उच्चारायची गरज तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. वाहिन्यांवर घोषणा देणारी मुलं दिसत होती. माझ्या डोळ्यांपुढे त्यांच्या गावच्या घरांतले शकलदीप बाबू येत होते, रात्री फोन करून नुसतंच ‘जेवलास का’ विचारणारे.

पुण्याच्या पेठांमध्ये अभ्यासिकांच्या आसपास पुस्तकांची दुकानं आहेत. तिथे मार्गदर्शकांच्या शेजारी यशस्वी अधिकाऱ्यांची आत्मकथनं असतात. ती मी वाचली आहेत आणि त्यांची टिंगल करण्यात मला रस नाही. सहा माणसांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला रात्री अकरा वाजता पुन्हा पुस्तक उघडायला लावणं हे लहान काम नाही. पण या पुस्तकांचं व्याकरण पाहावं. तिथे कर्ता परत आलेला आहे आणि तो सदैव ‘मी’ आहे. मी ठरवलं, मी जिद्द सोडली नाही, मी मिळवलं. ‘लागली’मध्ये कोणीच कर्ता नसतो, इथे एकच असतो. जागा किती होत्या, जाहिरात किती वर्षांनी निघाली, घरचं कोण मागे राहिलं, यातलं फारसं काही या वाक्यात मावत नाही. म्हणून ज्याला मिळालं नाही त्याच्यासाठी या व्याकरणात एकच वाक्य उरतं : मी मिळवलं नाही. हिंदीत नीलोत्पल मृणाल यांच्या ‘डार्क हॉर्स’ (२०१५) या कादंबरीने दिल्लीच्या मुखर्जीनगरातलं हे जग प्रेमाने आणि विनोदाने उभं केलं. पण तिलाही शेवटी नायकाला यशस्वी केल्यावाचून राहवलं नाही. अमरकांतांनी पुस्तक जिथे मिटलं तिथे मिटण्याचं धैर्य आपल्या काळात कमी झालं आहे असं मला वाटतं.

आणखी एक उणीव नोंदवते. ज्याच्याकडे भरायला पैसे नव्हते त्याची कादंबरी मराठीत आहे आणि ती चांगली आहे. ज्याने पैसे भरले, ज्याच्या बापाने दोन एकर विकले, जो आता शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेतो, पगारातून कर्ज फेडतो, आणि निवृत्तीच्या सुमारास संस्थेच्या मंडळावर बसून पुढच्या उमेदवाराला ‘कळवतो’ म्हणतो, त्याची कादंबरी माझ्या वाचनात नाही. त्याला खलनायक करणं सोपं आहे आणि दया दाखवणंही सोपं आहे. तो आपल्या बहुतेकांच्या नात्यात आहे. त्याच्या घरचे पेढे आपण खाल्ले आहेत. लिहायला कठीण आहे ते त्यामुळेच.

संपादिकाबाईंचं ते वाक्य शेवटी कसं केलं, हे सांगायचं राहिलं. आठ-दहा खर्डे झाले. नोकरी त्याच्याकडे चालत आली असं केलं तर परीकथा वाटे. त्याला नोकरी दिली गेली म्हटलं तर देणारा कोण, हा प्रश्न मूळ कथेत नसताना उभा राहत होता. मी लेखकाला फोन केला आणि विचारलं, ‘काका, याला नोकरी लागली म्हणजे कशी लागली?’ ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘कथा लिहिताना मी स्वतःला हे विचारलं नव्हतं.’ दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी त्या वाक्याच्या आधी मराठीतच एक ओळ घातली होती. तिच्यात बाप तालुक्याच्या गावी जाऊन येतो आणि घरी आल्यावर बराच वेळ हातपाय धूत राहतो. पुढचं वाक्य तसंच ठेवलं होतं. मग इंग्रजीतही मी ते साधंच राहू दिलं.